इतिहासावरच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये आपलं संगीत: पहिला म्युझिक मॉड बनवणाऱ्यांसाठी

मॉड म्हणजे खेळणाऱ्यांनी गेममध्ये स्वतः केलेला बदल, आणि म्युझिक मॉड म्हणजे त्यातलं सगळ्यात सोपं काम, असं नवख्यांना सांगितलं जातं. तांत्रिक बाजूपुरतं ते खरं आहे. दोन टेक्स्ट फाइली, काही ऑडिओ फाइली, झालं. तरीही बहुतेकांचा पहिला मॉड थोड्याच दिवसांत त्यांचा त्यांनाच नकोसा होतो आणि गुपचूप बंद केला जातो. गाणी वाईट असतात म्हणून नव्हे. गाणी कोणती याचा विचार भरपूर होतो, ती कधी वाजणार याचा होत नाही, म्हणून.

इथले टप्पे मी पॅराडॉक्स या कंपनीच्या गेम्स धरून सांगतोय, त्यातही मुख्यतः युरोपा युनिव्हर्सालिस ४. तिथे संगीत उघड्या फाइलींत ठेवलेलं असतं, खास हत्यारं लागत नाहीत. सिव्हिलायझेशन ६ सारख्या गेममध्ये आवाज एका वेगळ्या ऑडिओ प्रणालीत बांधलेला असतो, तिथून सुरुवात करू नका. ट्रॅक निवडणं, हक्क तपासणं आणि आवाज जुळवणं मात्र सगळीकडे सारखंच.

लागणारं सामान

- ऑडॅसिटी (मोफत), ट्रॅक कापायला आणि आवाज जुळवायला
- साधा टेक्स्ट एडिटर, उदाहरणार्थ नोटपॅड प्लस प्लस. वर्ड वापरू नका, तो सरळ अवतरणचिन्हांची वाकडी करतो आणि गेमला ती कळत नाहीत
- म्युझस्कोर (मोफत), स्वतः स्वरलिपीवरून वाजवून घ्यायचं असेल तरच
- प्रत्येक ट्रॅकचा परवाना नोंदवायला एक तक्ता: नाव, रचनाकार, वादक, कुठून घेतला, कोणता परवाना, कोणत्या तारखेला
- बरे हेडफोन, आणि शेवटच्या चाचणीसाठी लॅपटॉपचे साधे स्पीकर

तो तक्ता पहिल्या दिवसापासून भरा. महिन्याभरानं वीस ट्रॅकचे परवाने शोधत बसणं म्हणजे डोकेदुखी.

१. आधी मूळ संगीत ऐका, गेम बंद ठेवून

गेमच्या फोल्डरमध्ये म्युझिक नावाचं फोल्डर सापडेल. त्यातले ट्रॅक कुठल्याही प्लेअरवर वाजतात. खेळताना आपण संगीत नीट ऐकत नसतो, म्हणून हे वेगळं बसून करायचं. ट्रॅक किती लांब आहे, पहिल्या दहा सेकंदांत काय होतं, आणि सगळ्यात मोठा आवाज कुठे येतो, एवढं टिपून ठेवा.

एक गोष्ट पटकन लक्षात येईल. नकाशावर वाजणारं संगीत आणि मेनूत वाजणारं संगीत यांचा स्वभाव वेगळा असतो. सिव्हिलायझेशन ४ (२००५) चं ‘बाबा येतु’ घ्या. क्रिस्टोफर टिन यांची रचना, स्वाहिलीतली प्रभूची प्रार्थना, पुढे २०११ मध्ये ग्रॅमी मिळवणारी गेमसाठीची पहिली रचना. समूहगान, ढोल, चढत जाणारा शेवट, सगळं लक्ष वेधणारं. ते मेनूत वाजतं. डाव सुरू झाला की तोच गेम वेगळ्या संगीताकडे वळतो: मध्ययुगात चर्चमधलं गायन, पुढे बाख-बेथोव्हेनचा काळ, आणि आधुनिक युगात अमेरिकी संगीतकार जॉन अ‍ॅडम्स. यातल्या पुष्कळ संगीताला गळ्यात पडायची हौस नाही. अ‍ॅडम्सच्या रचना तर तासन्‌तास मागे वाहत राहू शकतात.

आपल्या आवडीचा ‘जबरदस्त’ ट्रॅक बहुधा मेनूचा ट्रॅक असतो. तो मेनूतच ठेवा.

२. काळाची चौकट ठरवा, पण तिचे गुलाम होऊ नका

युरोपा युनिव्हर्सालिस ४ चा डाव ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो आणि १८२१ पर्यंत चालतो. सुरुवातीला संगीतकार द्युफाय हयात असतो, शेवटी बेथोव्हेन. या पावणेचारशे वर्षांत युरोपचं संगीत ओळखू न येण्याइतकं बदललं, म्हणून ‘जुनं संगीत’ असा एकच डबा करून चालत नाही. मी तीन करतो: १५५० पर्यंत, १५५० ते १७००, आणि पुढचं.

वाद्यांचं भान ठेवलं की निम्मं काम होतं. व्हायोलिन सोळाव्या शतकातलं. पियानो साधारण १७०० च्या सुमाराला क्रिस्तोफोरीनं घडवला. पितळी वाद्यांना झडपा आल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, त्यामुळे १५०० सालच्या लढाईत हॉर्नवर सगळे स्वर सफाईनं घेणारी लांब सुरावट म्हणजे निव्वळ सिनेमा. त्या काळासाठी शॉम (सनईसारखं वाद्य), सॅकबट, ल्यूट, व्हायोल आणि साधा ढोल हे शब्द शोधयंत्रात टाका. १५५१ चं सुसाटोचं नृत्यसंकलन आणि १६१२ चं प्रेटोरियसचं ‘तेर्प्सिकोरे’, ज्यात तीनशेहून जास्त नृत्यं आहेत, ही दोन नावं सोळाव्या-सतराव्या शतकासाठी तुम्हाला खूप पुरतील. तेराव्या शतकातला गेम असेल तर ‘कांतिगास दे सांता मारिया’ पाहा. चारशेवर गाणी आहेत.

आता उलट बाजू. रोमवरचा गेम असेल तर अस्सलपणाचा हट्ट सोडा. प्राचीन जगातलं स्वरलिपीसकट टिकलेलं संगीत मोजकंच आहे. सेइकिलोसच्या स्मृतिशिळेवरचं छोटं ग्रीक गाणं पूर्ण हाती आहे, तेही काही ओळींचंच. रोमन सैन्य काय वाजवत चालायचं ते स्वरांसकट कुणालाच माहीत नाही. जेफ व्हॅन डाइक यांनी रोम: टोटल वॉर (२००४) साठी जे केलं ते कल्पनेतलं रोम आहे, आणि गेमला तेच हवं होतं.

कल्पनेलाही एक पथ्य हवं. मोरोक्कोपासून दिल्लीपर्यंत कुठलाही प्रदेश दिसला की दुदुकचा लांब हुंदका आणि तीच ती ‘गूढ पूर्वेची’ स्वरावली टाकायची सवय मॉडवाल्यांत फार आहे. दुदुक हे आर्मेनियाचं वाद्य. ते सगळ्या पूर्वेला वाटून टाकू नका. तसंच ऑटोमन लष्करी वाद्यवृंदाचं, ज्याला मेहतर म्हणतात. जॅनिसरींबरोबर, म्हणजे सुलतानाच्या खास पायदळाबरोबर, हे वाद्यवृंद १८२६ मध्ये बरखास्त झाले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा उभे केले गेले. आज मेहतर म्हणून ऐकू येणारी बरीच कूचगीतं या पुनरुज्जीवनानंतरची आहेत. ती वापरू नका असं नाही. ढोल आणि झुर्ना या सनईसारख्या वाद्याचा तो घणाघात मागे असला की ऑटोमन खेळायला मजा येते. मात्र मॉडच्या वर्णनात ‘पंधराव्या शतकातलं अस्सल संगीत’ असं लिहू नका.

३. ट्रॅक मिळवा आणि हक्क तपासा

सगळ्यात जास्त मॉड इथेच अडकतात. ‘चारशे वर्षांपूर्वीचं संगीत आहे, त्याचा कसला कॉपीराइट?’ हा प्रश्न रास्त वाटतो. उत्तर असं की एका ट्रॅकवर हक्कांचे तीन थर असू शकतात:

- मूळ रचना. प्रेटोरियसची आहे, तिच्यावर आता कुणाचाच हक्क नाही.
- संपादन किंवा नवी मांडणी. कुणी आजच्या वाद्यमेळासाठी ती पुन्हा बांधली असेल, तर त्या बांधणीवर त्याचा हक्क असू शकतो.
- रेकॉर्डिंग. ज्यांनी वाजवलं आणि ध्वनिमुद्रित केलं त्यांचा वेगळा हक्क. गेल्या दशकात निघालेली सीडी या थरामुळेच वापरता येत नाही.

तिन्ही थर मोकळे असतील तरच ट्रॅक घ्यायचा. मुदती देशोदेशी वेगळ्या आहेत, म्हणून काठावरचं काही घेण्यापेक्षा परवाना स्पष्ट लिहिलेलं घ्या. म्युझोपेन, विकिमीडिया कॉमन्स आणि आयएमएसएलपी या तीन ठिकाणी आधी शोधा. आयएमएसएलपीवर स्वरलिपी तर आहेच, काही रेकॉर्डिंग्जही आहेत, पण प्रत्येकाचा परवाना वेगळा. विसाव्या शतकावरच्या गेमसाठी कूचगीतं हवी असतील तर अमेरिकी सैन्यदलांच्या बँडची रेकॉर्डिंग्ज पाहा. सरकारी काम म्हणून ती अमेरिकेत सार्वजनिक मालकीची धरली जातात. रचना जुनी आहे का, हे मात्र तिथेही वेगळं पाहायचं.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अक्षरांकडे नीट बघा. बीवाय म्हणजे श्रेय द्या. एनसी म्हणजे धंदा करू नका. फुकट मॉडला ते चालून जातं. एनडी म्हणजे बदल करू नका, आणि तुम्ही तर ट्रॅक कापणार, जोडणार. एनडी दिसलं की पुढचा ट्रॅक.

स्वतः वाजवून घेणं हा खरा मोकळा मार्ग. जुन्या छापील प्रतीवरून स्वर म्युझस्कोरमध्ये भरा, वाद्यं निवडा, वेव्ह फाइल काढा. वापरलेल्या ध्वनिसंचाचा परवाना वाचला की प्रश्न मिटला. संगणकाचा वाद्यवृंद थोडा कोरडा वाटतो, पण ल्यूट आणि हार्पसिकॉर्डसारखी तारवाद्यं बरी निघतात. गायन मात्र त्याच्याकडून करवून घेऊ नका.

दुसऱ्या गेमच्या किंवा सिनेमाच्या फाइली उचलून घालणारे मॉड दिसतील. कुणी काढेपर्यंत ते असतात. त्यातून एखाद्यानं तुमचा मॉड लावून खेळ थेट प्रक्षेपित केला, तर त्याच्या व्हिडिओवर दावा येतो आणि शिव्या तुम्हाला बसतात.

४. ट्रॅक तासून घ्या

ऑडॅसिटीत तुमच्या ट्रॅकशेजारी गेमचा एक मूळ ट्रॅक उघडा. दोन्ही ऐका. बहुतेक वेळा तुमचा जास्त मोठा असेल, कारण गाणी ऐकण्यासाठीच्या सेवांचं माप आणि गेमचं माप वेगळं. इफेक्टच्या यादीतलं लाउडनेस नॉर्मलायझेशन वापरा. ऑडॅसिटी त्यात उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) सुचवते. तो आकडा डोळे मिटून न घेता मूळ ट्रॅकशी जुळेल असा ठेवा. मग सगळे ट्रॅक त्याच एका आकड्यावर आणा. सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबलच्या खाली राहू द्या, कारण फाइल लहान करताना शिखरं थोडी वर उसळतात.

एवढ्यानं भागत नाही. सरासरी सारखी असूनही एखादा ट्रॅक त्रास देतो, कारण त्यातला मंद भाग ऐकूच येत नाही आणि अचानक झांज कानात फुटते. नकाशाचा विचार करत बसलेल्या माणसाला ती झांज म्हणजे मागून कुणी टाळी वाजवल्यासारखी. अशा जागा हातानं एन्व्हलप टूलनं दाबा. कॉम्प्रेसर फार लावलात तर ल्यूटचा श्वास जातो.

सुरुवातीची शांतता एका सेकंदाहून जास्त ठेवू नका. शेवट मात्र उलट: सूर पूर्ण विरू द्या आणि वर दोन-तीन सेकंदांची शांतता सोडा. एकामागोमाग एक ट्रॅक खेटून आले की कान थकतो.

निर्यात ऑग व्हॉर्बिसमध्ये करा, ४४,१०० हर्ट्‌झ, स्टिरिओ, गुणवत्ता ५. चार मिनिटांची वेव्ह फाइल साधारण ४० एमबी होते, हीच ऑगमध्ये ५ एमबीच्या आसपास. इथले दोन सापळे: एमपी३ फाइलचं शेपूट बदलून ओजीजी लिहिलं म्हणजे ती ऑग होत नाही. आणि ऑगच्या वेष्टनात ओपस नावाचा दुसराही प्रकार भरता येतो. फाइलचं नाव बरोबर, प्लेअरवर वाजते, गेममध्ये गप्प. असं झालं तर निर्यात करताना निवडलेला प्रकार पहिल्यांदा तपासा.

फाइलनावात लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर, बाकी काही नको. लिनक्सवर लहान-मोठं अक्षर वेगळं धरलं जातं, त्यामुळे विंडोजवर चालणारा मॉड तिथे मुका होतो.

५. मॉडचं फोल्डर

लाँचरमध्ये मॉड बनवण्याची सोय आहे. नाव द्या, तो डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या नावाखालच्या मॉड फोल्डरात तुमचं फोल्डर आणि वर्णनाची फाइल तयार करतो. त्यात म्युझिक नावाचं फोल्डर बनवा आणि ऑग फाइली टाका. गेमच्या मूळ फोल्डरात हात घालू नका; पुढचा अपडेट आला की तुमचं काम पुसलं जातं.

६. दोन फाइली

एका फाइलीचं शेपूट अ‍ॅसेट, दुसरीचं टीएक्सटी. पहिलीत गाण्याचं टोपणनाव आणि त्याची ऑडिओ फाइल यांची जोडी लावायची. दुसरीत ते टोपणनाव पुन्हा लिहून ते कधी वाजायला हवं याच्या अटी. रचना पाठ करायची गरज नाही: मूळ फोल्डरातल्या याच दोन फाइली उघडा, एका गाण्याचा तुकडा उचला, नावं बदला.

पण फाइलीचं नाव मूळचंच ठेवू नका. मॉडमधली फाइल मूळ फाइलीच्या नावाची असेल तर गेम मूळ बाजूला ठेवतो आणि तुमचीच वाचतो. म्हणजे तुमचे पाच ट्रॅक आले आणि गेमचे सगळे गेले, तेही एकही चूक न दाखवता. मूळ संगीत काढूनच टाकायचं असेल तेव्हा हीच युक्ती कामाची.

महिरपी कंस जेवढे उघडले तेवढे बंद करा. एक राहिला की त्याच्या खालची सगळी गाणी गायब होतात.

पॅराडॉक्सच्याच हार्ट्स ऑफ आयर्न ४ मध्ये गाणी रेडिओ स्टेशनांत विभागलेली आहेत. स्वतःचं स्टेशन काढायचं तर त्याचं चित्र आणि पडद्यावरची मांडणी वेगळी लिहावी लागते. पहिल्या मॉडला ते नको. मूळ स्टेशनचं नाव मूळ फाइलीतून उचला आणि त्यातच भर घाला.

७. कधी वाजायचं

इथे घाई करू नका. प्रत्येक गाण्याला एक वजन असतं आणि परिस्थितीनुसार ते बदलता येतं: युद्ध चालू आहे का, कोणता देश, कोणता धर्म, कोणतं साल. गेम या वजनांवरून पुढचं गाणं निवडतो.

आधी एक हिशेब करा. चार तासांची बैठक धरा. तुमच्याकडे युद्धासाठी चार-चार मिनिटांचे तीनच ट्रॅक आहेत, आणि त्यांच्या अटी इतक्या कडक की युद्धात दुसरं काही वाजतच नाही. बारा मिनिटांचं संगीत, आणि या गेममध्ये युद्ध चार तास सहज चालतं. प्रत्येक ट्रॅक वीस वेळा. कितीही सुंदर असू दे, सातव्या वेळेला माणूस आवाज बंद करतो. म्हणून अट लावून इतर गाणी शून्यावर आणण्यापेक्षा त्यांचं वजन कमी करा. युद्धात युद्धाचं संगीत जास्त वेळा यावं, फक्त तेच येऊ नये. वेढा दोन वर्षं चाललाय, आपण नकाशाच्या दुसऱ्या टोकाला व्यापारी गलबतं हलवतोय, अशा वेळी शांत ल्यूट आला तर काही बिघडत नाही. उलट बरं वाटतं.

दुसरी गोष्ट, या गेममध्ये साधारणपणे चालू गाणं संपल्यावरच पुढचं निवडलं जातं. युद्ध पुकारलं त्या क्षणी ढोल वाजणार नाहीत. सात मिनिटांची संथ रचना नुकतीच सुरू झाली असेल तर पहिली लढाई तिच्यातच उरकते. क्षणाक्षणाला बदलणारं संगीत टोटल वॉरसारख्या गेममध्ये मिळतं, तिथे लढाईची तयारी, तणाव आणि प्रत्यक्ष चकमक यांना वेगवेगळं संगीत नेमलेलं असतं. आपल्याकडे ती सोय नाही, तर शांततेचे ट्रॅक अडीच ते चार मिनिटांचे ठेवायचे. लांब रचना तिच्या नैसर्गिक थांब्यावर कापून दोन ट्रॅक करा.

देशानुसार अटी लावायचा मोह सगळ्यांना होतो. लावा, पण एकाच देशाला चिकटवण्याआधी प्रदेशाला किंवा धर्मसमूहाला चिकटवता येतं का पाहा. व्हेनिससाठी आणलेलं संगीत मिलानलाही शोभतं. ही वाट मोकळी ठेवली की तीच मेहनत दहापट डावांत ऐकू येते.

काळाच्या अटींत सीमा थोडी झिरपू द्या. १५५० ला जुनं संगीत एका रात्रीत शून्य आणि नवं सुरू, असं केलं तर कानाला झटका बसतो. पन्नासेक वर्षं दोन्हींना वजन राहू द्या. सिव्हिलायझेशन ६ मध्ये हेच वेगळ्या रीतीनं साधलंय: एका संस्कृतीची एकच धून प्राचीन, मध्ययुगीन, औद्योगिक आणि आण्विक अशा चार रूपांत वाढत जाते. इंग्लंडची ‘स्कारबरो फेअर’ वाद्यं वाढत गेली तरी ओळखू येते. म्युझस्कोरवर काम करणार असाल तर एकच चाल दोन वाद्यसंचांत बांधून हा प्रयोग तुम्हालाही करता येईल.

आणि शब्द. खेळणाऱ्याला कळणाऱ्या भाषेतलं गाणं डावात ठेवू नका. माणूस नकळत शब्दांमागे जातो आणि तहाची अट वाचायची राहून जाते. लॅटिन समूहगान चालतं, कारण बहुतेकांना ते वाद्यासारखंच ऐकू येतं.

८. तपासा

आधी ज्या ट्रॅकची चाचणी आहे त्याला तात्पुरतं १००० वजन द्या, म्हणजे वाट पाहत बसावं लागणार नाही. वाजला की वजन मूळपदावर. (हे विसरून मॉड प्रकाशित झालेला ओळखायला वेळ लागत नाही.) गाणं वाजत नसेल तर डॉक्युमेंट्समधल्या लॉग्ज फोल्डरात एरर नावाची लॉग फाइल उघडा आणि गाण्याचं टोपणनाव शोधा. बहुधा दोन फाइलींत नाव वेगवेगळं लिहिलेलं निघतं.

मग आयर्नमॅन (ज्यात कन्सोल वापरता येत नाही अशी खेळण्याची पद्धत) बंद ठेवून डाव सुरू करा, कन्सोलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, देश न खेळता नुसतं बघणारे निरीक्षक व्हा, वेग पूर्ण ठेवा आणि दुसरं काहीतरी वाचत बसा. जिथे तुमची नजर वाचनावरून उठते, तो ट्रॅक पुन्हा ऑडॅसिटीत न्यायचा. लॅपटॉपच्या स्पीकरवरही एकदा ऐका. खोल ढोल तिथे नाहीसे होतात आणि उरते ती किरकिरी शॉम.

९. प्रकाशित करताना

मुख्य पडद्यावरचा चेकसम (गेमच्या फाइलींवरून निघणारा ओळखीचा कोड) मॉडसह आणि मॉडशिवाय सारखा आहे ना, बघा. फक्त संगीत बदललं असेल तर तो बदलायला नको, आणि तसं असेल तर वर्णनात लिहा. अचिव्हमेंट (गेममधली बक्षिसं) मिळवणारे हेच पहिलं विचारतात. स्टीम वर्कशॉपवर, म्हणजे मॉड वाटायच्या जागी, चढवताना मुखचित्र १ एमबीच्या आत ठेवा.

तुमचा परवान्यांचा तक्ता आता वर्णनात उतरवा: रचनाकार, वादक, परवाना, ट्रॅकगणिक. मॉडमध्येही तोच टेक्स्ट फाइल म्हणून ठेवा, कारण पान उडालं तरी फाइल राहते. मूळ संगीत काढलंय की त्यात भर घातलीय, हे पहिल्या ओळीत सांगा. गेमचा मोठा अपडेट आला की मूळ फोल्डरातल्या त्या दोन फाइली तुमच्या फाइलींशेजारी उघडून रचना बदलली आहे का ते पाहा. ‘आवाज येत नाही’ अशी तक्रार आली तर आधी खेळणाऱ्याला विचारा की सेटिंगमध्ये संगीताची पट्टी शून्यावर तर नाही ना.